वीज जाऊन आली की ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’: कंपनीचा मोडेम आणि स्वतःचा राउटर एकत्र वापरताना

साताऱ्यातील आमचे घर जुने, दुमजली आहे आणि त्याच्या खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाडीच्या आहेत. फायबरची जोडणी द्यायला आलेल्या माणसाने मोडेम सोप्यात, विजेच्या मीटरच्या फळीशेजारी बसवला, कारण बाहेरून येणारी तार तिथपर्यंतच सहज पोहोचत होती. त्यामुळे सोप्यात वायफायच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या आणि माडीवर, जिथे बसून मी दिवसभर काम करतो, तिथे जेमतेम एक पट्टी, तीही येऊन-जाऊन असायची. म्हणून मी स्वतःचा राउटर विकत आणला, जिन्याच्या कडेने केबल ओढली, तिचे एक टोक मोडेममध्ये आणि दुसरे नव्या राउटरमध्ये खोचले, दोन्हींच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. माडीवर उत्तम वेग मिळू लागला आणि काम झाले असे मी समजलो.

पहिले काही दिवस अधूनमधून एखादा फोन अडायचा, पण वायफाय बंद करून पुन्हा चालू केले की सुटायचा, त्यामुळे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. खरा त्रास पावसाळ्यात सुरू झाला. संध्याकाळी वीज जायची, अर्ध्या-पाऊण तासाने यायची, आणि त्यानंतर घरातील बहुतेक उपकरणांवर वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह दिसू लागायचे. वायफाय जोडलेले आहे, पट्ट्या भरलेल्या आहेत, परंतु इंटरनेट नाही. त्यातही सगळे बंद नसायचे. वडिलांच्या फोनवर बातम्या चालू असायच्या आणि त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर माझा लॅपटॉप मात्र बंद. एकाच वायफायवर, एकाच खोलीत असे व्हावे, याचा उलगडा होत नव्हता.

तक्रार केल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ तीन वेळा येऊन गेला. तिन्ही वेळा त्याने माझ्या राउटरची केबल उपसली, मोडेम बंद करून चालू केला, आणि इंटरनेट सुरू झाले. “साहेब, तुमचा राउटर काढूनच ठेवा, तोच गोंधळ घालतोय,” असे तो म्हणाला. “अहो, पण माडीवर रेंजच येत नाही,” या माझ्या म्हणण्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. तो गेल्यावर मी केबल पुन्हा जोडायचो, सगळे चालू राहायचे, आणि पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. गोंधळ माझ्या राउटरमुळेच होत होता, परंतु राउटर काढणे हा त्यावरचा उपाय नव्हता. ज्यांच्या घरी कंपनीचे उपकरण आणि स्वतःचा राउटर असे दोन्ही आहेत आणि हा प्रकार पुन्हा पुन्हा होतो आहे, त्यांच्यासाठी मी दोष कसा शोधला आणि कोणती मांडणी केल्यावर तो थांबला, हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोष कोणाकडे आहे ते ठरवावे

ज्याला आपण सवयीने मोडेम म्हणतो ते कंपनीचे उपकरण प्रत्यक्षात एकाच डब्यात चार-पाच कामे करते. ते फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते, तुमच्या खात्याची ओळख कंपनीच्या यंत्रणेला पटवून जोडणी सुरू करते, घरातील प्रत्येक उपकरणाला पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा क्रमांक, वाटते, वायफाय प्रसारित करते आणि बहुतेक ठिकाणी लँडलाइन टेलिफोनही त्यालाच जोडलेला असतो. विकत आणलेला राउटर यांपैकी पहिले आणि शेवटचे काम सोडून बाकीची सगळी कामे करतो. म्हणजेच दोन्ही उपकरणे शेजारी ठेवली की काही कामे दोघेही करू लागतात, आणि बहुतेक सगळ्या तक्रारींचे मूळ या दुबार कामात असते.

म्हणून पहिली पायरी अशी की स्वतःचा राउटर पूर्णपणे बाजूला काढावा, लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडावा आणि इंटरनेट चालते का ते पाहावे. त्याच वेळी मोडेमवरचे दिवे पाहावेत. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर मोडेमची कंपनीच्या यंत्रणेत नोंद होत नाही असे समजावे. ‘लॉस’चा दिवा तांबडा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, तार कुठेतरी तुटली आहे किंवा फार वाकली आहे, आणि मग राउटरच्या सेटिंगमध्ये कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. फायबरची हिरव्या टोकाची पिन काढून तिच्यात डोकावू नये. तिच्यातून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेझर असतो आणि तो दिसत नाही म्हणून निरुपद्रवी आहे असे नाही. शिवाय त्या टोकावर धुळीचा कण बसला तरी संकेत क्षीण होतो.

लॅपटॉप थेट जोडल्यावर इंटरनेट व्यवस्थित चालले, तर दोष घरातल्या मांडणीत आहे आणि तो आपणच दुरुस्त करू शकतो.

अडलेल्या उपकरणाचा पत्ता वाचावा

माझा उलगडा झाला तो एका अगदी साध्या गोष्टीने. वीज जाऊन आल्यावर मी वडिलांचा चालू असलेला फोन आणि माझा अडलेला लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींचा आयपी पत्ता पाहिला. फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडला की तो दिसतो. विंडोजच्या संगणकात वायफायच्या गुणधर्मांच्या पानावर असतो. वडिलांच्या फोनचा पत्ता होता १९२.१६८.१.७ आणि गेटवे, म्हणजे घराबाहेर जाण्याचे दार, १९२.१६८.१.१. माझ्या लॅपटॉपचा पत्ता होता १९२.१६८.०.१०३ आणि त्याचे दार १९२.१६८.०.१. आईचा फोन, टीव्ही, माडीवरचा प्रिंटर, सगळे एकामागून एक तपासले. ज्यांच्या पत्त्यात तिसरा आकडा १ होता ती सगळी उपकरणे चालू होती आणि ज्यांच्यात ० होता ती सगळी बंद.

घरात पत्ते वाटणारे दोघे होते. मोडेम स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवून १ च्या मालिकेतले पत्ते वाटत होता आणि माझा राउटर स्वतःला १९२.१६८.०.१ म्हणवून ० च्या मालिकेतले. मी केबल राउटरच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या, बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये न घालता शेजारच्या ‘लॅन’, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टमध्ये घातली होती, त्यामुळे दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात समोरासमोर आली होती. नवे उपकरण जाळ्यात येते तेव्हा ते “मला कोणी पत्ता देता का?” असे सगळ्यांना उद्देशून विचारते आणि सहसा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेते. मोडेमचे उत्तर आधी आले तर दार खरे मिळते. राउटरचे उत्तर आधी आले तर दार म्हणून राउटर मिळतो, आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये काहीच नसल्यामुळे ते दार भिंतीत उघडते.

वीज गेल्यावरच हे का व्हायचे, तेही यातूनच समजते. माझा राउटर वीज आल्यापासून पाऊण मिनिटात तयार होतो, तर मोडेमला स्वतः सुरू होऊन फायबरवर नोंद होईपर्यंत दोन-तीन मिनिटे लागतात. त्या मधल्या वेळात वायफाय दिसले म्हणून घरातली सगळी उपकरणे धावत राउटरकडे जायची आणि ० चे पत्ते घेऊन बसायची. वडिलांचा फोन तेवढा वाचायचा, कारण वीज गेली की ते फोन खिशात घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसत आणि सगळे स्थिरस्थावर झाल्यावरच घरात येत. पत्ता एकदा मिळाला की तो ठरावीक मुदतीसाठी असतो, कुठे दोन तास, कुठे एक दिवस. आणि मुदत निम्मी सरली की उपकरण ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच ती वाढवून मागते. राउटर आनंदाने वाढवून देतो. त्यामुळे ही चूक थोड्या वेळाने आपोआप बरी होईल असे समजून वाट पाहण्यात अर्थ नसतो. तंत्रज्ञाने राउटरची केबल काढली की सगळ्यांना मोडेमचे पत्ते मिळायचे, आणि नंतर मी राउटर पुन्हा जोडला तरी ते जुने पत्ते टिकून राहायचे, म्हणून सगळे बरे झाल्यासारखे वाटायचे.

तुमच्या घरी आकडे वेगळे असतील. जिओच्या घरगुती उपकरणांचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, शाओमीच्या राउटरचा १९२.१६८.३१.१, असुसच्या अलीकडच्या राउटरचा १९२.१६८.५०.१, तर टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या अनेक राउटरचा १९२.१६८.०.१. आपापल्या उपकरणाच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर तो छापलेला असतो. तो वाचून ठेवला की अडलेल्या फोनचा पत्ता पाहताच तो कोणाच्या हाताखाली गेला आहे ते ओळखता येते. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला की त्या उपकरणाचे सेटिंगचे पान उघडते. टाइप करताना इंग्रजी अंक वापरावेत, देवनागरी अंक चालत नाहीत.

बहुतेक घरांसाठी योग्य मांडणी: राउटरला फक्त वायफायचे काम द्यावे

पत्ते वाटण्याचे काम घरात एकाच उपकरणाने करायचे, आणि ते कोणी करायचे हे आपण आधी ठरवायचे. दुरुस्तीचा गाभा एवढाच आहे. ज्यांना वायफाय दूरच्या खोलीपर्यंत पोहोचवण्याखेरीज दुसरे काही नको आहे त्यांनी ते काम मोडेमकडेच राहू द्यावे आणि स्वतःच्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यात कंपनीला विचारावे लागत नाही, लँडलाइनला धक्का लागत नाही आणि उद्या राउटर बिघडला तरी खालच्या मजल्यावरचे इंटरनेट चालू राहते.

आता मिळणाऱ्या बऱ्याच राउटरमध्ये ‘ऑपरेशन मोड’ नावाच्या पानावर ही निवड थेट असते. ती निवडून राउटर पुन्हा सुरू झाला की काम संपले. या मोडमध्ये केबल कोणत्या पोर्टमध्ये घालायची ते त्या राउटरच्या सूचनापत्रकात पाहावे. माझ्या राउटरमध्ये ही सोय नव्हती, म्हणून तेच काम हाताने केले, आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम राउटर मोडेमपासून सोडवून लॅपटॉप केबलने फक्त राउटरला जोडला. मग राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून मोडेमच्या मालिकेतला, १९२.१६८.१.२ असा केला. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर या नव्या पत्त्याने आत जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सेवा, बंद केली. त्यानंतरच मोडेमकडून आलेली केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घातली आणि वॅन पोर्ट रिकामा ठेवला. डीएचसीपी आधी बंद केली आणि पत्ता बदलायचा राहून गेला तर लॅपटॉपला आपोआप पत्ता मिळत नाही, राउटरच्या पानावर परत जाता येत नाही, आणि लॅपटॉपला हाताने पत्ता देता येत नसेल तर मागच्या छिद्रात पिन दाबून सगळे कोरे करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मोडेम जे पत्ते वाटतो त्यांची यादी अनेकदा २ पासूनच सुरू होते. मग राउटरला आपण २ दिलेला असतो आणि एखाद्या दिवशी मोडेम तोच २ पाहुण्यांच्या फोनला देऊन टाकतो. मग राउटरचे पान उघडेनासे होते किंवा तो फोन अडतो. म्हणून मोडेमच्या पानावर जाऊन वाटपाची सुरुवात २० किंवा ५० पासून करावी आणि त्याखालचे आकडे राउटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरसाठी राखून ठेवावेत. फोनच्या मूळ हार्डवेअर पत्त्यावरून, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या मॅक क्रमांकावरून, आकडा राखून ठेवण्याचा प्रयत्न मात्र सहसा फसतो, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट हार्डवेअर पत्ता वापरतात.

अशी मांडणी झाली की दोन्हींच्या वायफायला एकच नाव आणि पासवर्ड ठेवायला हरकत नाही, कारण कुठूनही जोडले तरी उपकरण एकाच जाळ्यात राहते आणि माडीवरच्या प्रिंटरवर सोप्यातून छापता येते. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर दोन्हींना एकच चॅनेल देऊ नये. एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत. एकाला १ आणि दुसऱ्याला ११ द्यावा आणि आपोआप निवडीवर सोडू नये.

स्वतःच्या राउटरलाच मुख्य करायचे असेल तर

मुलांच्या वापराची वेळ ठरवणे, कामासाठी वेगळे जाळे ठेवणे किंवा घरातल्या सगळ्या वाहतुकीसाठी व्हीपीएन लावणे अशा गोष्टी राउटरकडून करून घ्यायच्या असतील तर अ‍ॅक्सेस पॉइंट पुरत नाही. तेव्हा केबल मोडेमच्या लॅन पोर्टमधून राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घालावी आणि दोन नियम काटेकोरपणे पाळावेत. पहिला असा की दोन्हींच्या मालिका वेगळ्या हव्यात. मोडेमही १९२.१६८.१.१ आणि राउटरही १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला घराबाहेरचे कोणते आणि घरातले कोणते हेच कळेनासे होते. काही राउटर हा घोळ ओळखून आपली मालिका आपणच बदलतात, आणि मग कायमचा पत्ता देऊन ठेवलेला प्रिंटर रातोरात गायब होतो. म्हणून सुरुवातीलाच राउटरला १९२.१६८.७७.१ यासारखा, सहसा कोणाचा मूळचा नसलेला पत्ता देऊन टाकावा. दुसरा नियम असा की मोडेमचे वायफाय बंद करावे. ते चालू ठेवले आणि नावही एकच ठेवले, तर फोन सोप्यात एका जाळ्यात आणि माडीवर दुसऱ्या जाळ्यात जातो, काही वेळा पहिल्या जाळ्याचा पत्ता घेऊनच दुसऱ्यात शिरतो, आणि “मघाशी चालत होते, जिना चढलो आणि बंद पडले” अशी तक्रार येते.

या मांडणीत पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. व्हिडिओ पाहणे, बैठका, बँकेचे व्यवहार यांना त्याने काहीही फरक पडत नाही, त्यामुळे केवळ ‘डबल नॅट’ हा शब्द कुठेतरी वाचला म्हणून घाबरून चालू असलेली मांडणी मोडू नये. अडचण येते ती बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्यांना, म्हणजे ऑनलाइन खेळ, घरच्या संगणकावर बाहेरून प्रवेश, किंवा कॅमेऱ्यांचे थेट दृश्य.

ब्रिज मोड मागण्यापूर्वी

मोडेमला केवळ प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा डबा करून बाकी सगळे राउटरकडे देणे म्हणजे ब्रिज मोड. मांडणी म्हणून ही सर्वांत स्वच्छ आहे, परंतु अर्धवट माहितीवर केलेल्या ब्रिज मोडमुळे दोन-दोन दिवस इंटरनेट बंद राहिलेली घरे मी पाहिली आहेत. कंपनीकडून आधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: जोडणीचे वापरनाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवर इंटरनेट आणि फोन वेगळे ठेवणाऱ्या कप्प्याचा, क्रमांक. व्हीलॅनचा क्रमांक चुकला तर राउटर कितीही वेळा हाक मारो, पलीकडून उत्तरच येत नाही, आणि पानावर नुसते ‘कनेक्टिंग’ दिसत राहते. लँडलाइन त्याच मोडेममधून चालत असेल तर ब्रिज केल्यानंतर तिचे काय होणार हेही तेव्हाच विचारून घ्यावे, कारण ती सहसा वेगळ्या व्हीलॅनवर असते आणि तंत्रज्ञाने घाईत सगळेच एका झटक्यात बदलले तर फोन मुका होतो.

ब्रिजनंतर वारंवार येणारे तीन दोष आहेत. पहिला, इंटरनेट दर काही मिनिटांनी तुटते आणि परत येते. मोडेममध्ये जुनी जोडणी तशीच राहिली असेल आणि राउटरही त्याच वापरनावाने जोडू पाहत असेल, तर एका खात्यावर एकच जोडणी चालत असल्यामुळे दोघे एकमेकांना बाहेर ढकलत राहतात. मोडेममधली नोंद काढून टाकावी. दुसरा, काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती गोल फिरत राहतात. पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे वापरनाव-पासवर्डने सुरू होणाऱ्या, जोडणीत माहितीच्या प्रत्येक पाकिटामागे ८ बाइट खर्च होतात, म्हणून राउटरमधील एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा १५०० ऐवजी १४९२ असावा लागतो, तो तपासावा. तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. कंपनी मोडेमवर दूरस्थ नियंत्रण ठेवते, आणि तो बदलला गेला, कोरा केला गेला किंवा त्याचे सॉफ्टवेअर नवे झाले की कधीकधी ब्रिज मोड उडून तो पुन्हा मूळ रूपात येतो. याची खूण अशी की स्वतःच्या राउटरच्या पानावर वॅन पत्ता म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसू लागतो. तो दिसला की राउटरमध्ये काही बदलू नये. कंपनीला ब्रिज पुन्हा करून मागावा.

वीज गेल्यानंतर लगेच आली आणि राउटरने जोडणी नाकारली गेल्याचे दाखवले, तर पलीकडच्या यंत्रणेत आपली आधीची जोडणी अजून जिवंत मानली जात आहे असे असू शकते. अशा वेळी पासवर्ड बदलायला जाऊ नये. राउटर पाच-दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावावा.

कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत, ही तक्रार

कॅमेरे बाहेरून दिसावेत म्हणून सेटिंगमध्ये पोर्ट (इथे केबलची खाच नव्हे, तर बाहेरून आत येण्याचा क्रमांकित रस्ता) उघडण्यापूर्वी मोडेमच्या स्थितीच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. ही मालिका २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. अशा जोडणीवर घरातल्या दोन्ही उपकरणांत कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, कारण अडवणारा दरवाजा आपल्या घरात नाहीच. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचे स्वतःचे अ‍ॅप वापरावे, जे घरातून बाहेर जोडणी करते आणि म्हणून चालते. मोडेमचा पत्ता सार्वजनिक असेल आणि राउटर त्याच्या मागे असेल, तर मोडेममधून राउटरकडे आणि राउटरमधून डीव्हीआरकडे असे दोन्ही ठिकाणी पोर्ट उघडावे लागते. डीव्हीआरचा मूळचा पासवर्ड बदलल्याशिवाय हे करणे धोक्याचे आहे.

दिवाळीच्या साफसफाईनंतर

डीएचसीपी बंद केल्यावर वीज गेल्यानंतरचा त्रास संपला. ऑक्टोबरात मात्र एका सकाळी घरातले सगळेच इंटरनेट बंद पडले, केबलचेही आणि वायफायचेही. मोडेम बंद करून चालू केला की अर्धे मिनिट चालायचे आणि पुन्हा बंद. माडीवर जाऊन पाहिले तर राउटरवरचे पोर्टचे दिवे एरवी आपापल्या लयीत लुकलुकतात, ते त्या दिवशी सगळे एकदम, थरथरल्यासारखे, अखंड चमकत होते. आदल्या दिवशी साफसफाई झाली होती. टेबलामागे लोंबणारी, पूर्वी लॅपटॉपला लावत असलेली मोकळी केबल कोणीतरी नीटनेटकी दिसावी म्हणून राउटरच्याच रिकाम्या पोर्टमध्ये खोचली होती. तिचे दुसरे टोकही राउटरमध्येच होते. एकाच केबलची दोन्ही टोके एकाच जाळ्यात गेली की सगळ्यांना उद्देशून पाठवलेला प्रत्येक निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि क्षणात सगळे जाळे भरून टाकतो. केबल उपसली आणि पाच सेकंदांत इंटरनेट परत आले. मोडेम आणि राउटर यांच्यात दोन केबल लावल्या, किंवा मेश राउटर वायरलेस जोडलेला असताना त्याला केबलही लावली, तरी काही उपकरणांत हेच घडते. दिवे असे एकदम थरथरताना दिसले तर सेटिंग उघडण्याआधी एकेक केबल काढून पाहावी.

वेगाबाबतही एक खूण सांगून ठेवतो. योजना २०० एमबीपीएसची असताना स्वतःच्या राउटरवर मोजल्यावर आकडा दर वेळी ९३-९४ वरच थांबत असेल, तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. पहिल्या बाबतीत राउटर बदलल्याशिवाय इलाज नाही, म्हणून विकत घेतानाच पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते पाहावे. खोक्यावर छापलेला १२०० किंवा १५०० हा आकडा वायफायचा असतो, पोर्टचा नव्हे. दुसऱ्या बाबतीत टोकाची पिन नव्याने बसवून घेतली की सहसा वेग मिळतो.

विजेची सोय

वीज वारंवार जात असेल तर मोडेम आणि राउटर दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावावा. फक्त राउटरला लावून उपयोग नाही, कारण मोडेम बंद पडला की राउटर नुसतेच वायफाय दाखवत राहतो. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा अगदी तोच हवा. मोडेम १२ व्होल्टचा आणि राउटर ९ व्होल्टचा अशी जोडी अनेक घरांत असते, आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. अँपिअरचा आकडा मात्र अडॅप्टरवर लिहिलेल्याइतका किंवा त्याहून जास्त चालतो. एकाच यूपीएसवर दोन्ही उपकरणे लावायची असतील तर दोन्हींच्या वॅटची (व्होल्ट गुणिले अँपिअर) बेरीज करून तेवढी क्षमता आहे का ते पाहावे.

आता मोडेमशेजारी, मीटरच्या फळीच्या आतल्या बाजूला, एक कागद चिकटवून ठेवला आहे. त्यावर मोडेमचा पत्ता, राउटरचा पत्ता, पत्ते कोण वाटतो, मोडेमच्या कोणत्या पोर्टमधून माडीची केबल जाते आणि कंपनीचा तक्रार क्रमांक एवढेच लिहिले आहे. माडीवरच्या राउटरच्या वॅन पोर्टवर चिकटपट्टी लावून ‘रिकामा ठेवावा’ असे लिहिले आहे. गेल्या महिन्यात मोडेम बदलायला वेगळा तंत्रज्ञ आला तेव्हा मी घरी नव्हतो. वडिलांनी त्याला तो कागद दाखवला, त्याने नव्या मोडेमचा पत्ताही १९२.१६८.१.१ च ठेवला, वाटप ५० पासून सुरू केले, आणि संध्याकाळी मी आलो तेव्हा माडीवरचा लॅपटॉप आपोआप जोडलेला होता.